आजोबांच्या पेल्याची झळाळी

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शालोम. तुझे गुडघे, भावोजींचा खोकला आणि नव्या जावईबापूंचा संकोच, तिन्ही आता उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. आई ठणठणीत आहे. मीही आहे, निदान हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत.

झालं असं, की प्रार्थनालयात एक वक्ते सांगून गेले, धर्माज्ञा नुसती पाळून भागत नाही, ती देखणी करून पाळावी. माझा स्वभाव तुला माहीतच आहे; चांगली गोष्ट कानावर पडली की तिची वाट लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. शब्बाथच्या मेजावरच्या पांढऱ्या चादरीला मी स्वतः इस्त्री केली (डागावर फुलदाणी ठेवली आहे, ती आता कायमची तिथेच). मग नजर गेली आजोबांच्या पेल्यावर. ज्यातल्या द्राक्षरसावर दर शुक्रवारी आशीर्वाद म्हणायचा, तो असा काळवंडलेला? बायको म्हणाली, राखेने घासा. पण चष्म्याच्या काचा घासण्यात हयात गेलेल्या माणसाने राख वापरायची म्हणजे धंद्याला कमीपणा. मी पेला दुकानात नेऊन काचांच्या चाकाला लावला. काय झळाळला म्हणून सांगू. म्हणून आणखी लावला. तो आणखी झळाळला, फक्त पिवळा. ताई, आपला अस्सल चांदीचा पेला पितळेचा आहे. जन्मभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून खपलो, आणि मला पहिल्यांदा काही स्पष्ट दिसलं ते हे.

आई पहिला घोट घेताना दर वेळी म्हणते, "चांदी ती चांदी." तिला हे कळलं तर काय वाटेल, या विचाराने मला खरंच रडू आलं. गेल्या शुक्रवारी पेला रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला. हात गार पडतील म्हणालो (इथे उन्हाळा आहे). त्यात जावईबापूंच्या पहिल्या शब्बाथसाठी पेला आता तुझ्याकडे यायचा. फार रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

ता.क. मुलामेवाल्याकडे जाऊन आलो. पेल्याचं बूड (तिथे चाक पोचलं नव्हतं) पाहून त्याने तो परत दिला. म्हणाला, "यावर आधीच दोनदा नव्याने चांदी चढवलीय. हात फार सफाईचा आहे, मला नाही जमणार. ज्याने केलंय त्याच्याकडेच न्या." ताई, दोन वर्षांपूर्वी पेला तुझ्याकडून परत आला तेव्हा कधी नव्हे इतका लखलखत होता. मी काही विचारत नाही. फक्त पत्ता पाठव.

ता.क. २. पाकिटाला डिंक लावतोय तोच आई मागे येऊन उभी. म्हणाली, "तिला कशाला विचारतोस? तीही अशीच रडत आली होती. आणि तिच्या आधी, नवी नवरी असताना, मीच घासला होता. पत्ता माझ्याकडे आहे. तो रुमाल तेवढा धुवायला टाक."