मेटॅडोर, जनरेटर आणि शांताबाईची दोरी

॥ कानबाई प्रसन्न ॥

शहादा, जि. धुळे
ता. ११ फेब्रुवारी १९९६

तीर्थरूप सुकदेवदादा व सौ. उषावहिनी यांच्या चरणी बळीरामचा साष्टांग नमस्कार. वि. वि. तुमच्या आशीर्वादाने इकडे बरे आहे.

दादा, तुम्ही हसाल म्हणून दोन महिने लपवलं. एका दवाखान्याची जुनी मेटॅडोर गाडी घेतली आहे. आतल्या सीटा काढल्या, शांताच्या मापाचा पलंग पक्का केला, समोर दोन बाकडी, कोपऱ्यात स्टोव्हची जागा, खिडक्यांना पडदे. गल्लीत लोक म्हणतात, बळीराम ड्रायव्हरने बिऱ्हाड चाकांवर चढवलं.

एकतीस वर्षं एस.टी. चालवली. दुसऱ्यांच्या बायका देवाला नेल्या नि आणल्या. माझी मात्र संध्याकाळी विचारायची, आज कुठं गेला होतात, तिथं काय असतं. समुद्र कसा असतो, हे तर शंभरदा विचारलं असेल. रिटायर झालो की दाखवतो, असं मी म्हणायचो. म्हणायला काय लागतं. रिटायर झालो आणि त्याच दिवाळीत तिची उजवी बाजू गेली. पंधरा महिने झाले, तिला भिंत दिसते आणि भिंतीवरून डोकावणारी चिंच. बोलण्यातलं सगळं गेलं, होकाराचं एक 'हाव' तेवढं राहिलं. दुखतं का, तरी हाव. नाही ना दुखत, तरी हाव.

म्हणून डेपोच्या भंगारातून कंडक्टरची घंटी आणून पलंगावर बांधली आणि दोरी तिच्या डाव्या हाताशी सोडली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. ते तिला बरोबर कळतं. दोन वाजल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.

डॉक्टर म्हणाले, खुशाल न्या, पण घामात ठेवू नका, पाठ फुटेल. गाडी उभी असेल तिथं पंखा हवा. म्हणजे जनरेटर आला. नंदुरबारचा दुकानदार तीन दाखवतो. एक नुसता पेट्रोलचा, एक पेट्रोल-रॉकेल दोन्हींवर चालणारा आणि एक भला थोरला. कोणता घेऊ ते कळवावे. मार्चअखेर तुमच्याकडे येऊन तिला डुमसचा समुद्र दाखवायचा विचार आहे.

आपल्या मायेची सावली अशीच राहो.

आपला,
बळीराम


नवागाम, सुरत
ता. १९ फेब्रुवारी १९९६

चि. बळीराम यास सुकदेवचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसलो नाही. तुझी वहिनी मात्र डोळे पुसून हसली आणि म्हणाली, भाऊजींना उशिरा सुचलं, पण बस सुटायच्या आत सुचलं.

आता कामाचं. थोरला घेऊ नकोस. नाकापेक्षा मोती जड होईल, गाडीभर त्याचाच संसार आणि त्याचाच आवाज. आधी ओझं मोज. दोन पंखे, एक ट्यूब आणि लहान कूलर मिळून साडेतीनशे वॅटच्या आत बसतात. पण मोटार सुरू होताना दुपटी-तिपटीने वीज ओढते, बैल उठताना कसा जोर लावतो तसं. म्हणून साडेसहाशे वॅटचा घे, आणि कूलर आधी सुरू करून मग बाकीचं लाव.

तो दोन्हींवर चालणाराच बरा. आडरानात पेट्रोल मिळो न मिळो, रॉकेल मिळतं. सुरू मात्र पेट्रोलवरच करायचा. चार-पाच मिनिटं गरम होऊ द्यायचा, मग कॉक रॉकेलकडे फिरवायचा. बंद करायच्या आधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरत नाही. नाहीतर दुसऱ्या दिवशी दोरी ओढून ओढून खांदा निखळेल. तापलेल्या मशीनमध्ये तेल ओतायचं नाही. बंद कर, चहा पी, मग ओत. डबे स्टोव्हपासून लांब. अर्थिंगची तार ओल्या मातीत.

एकच खोड आहे. रॉकेलवर धुराला वास येतो. तर शांता निजेल तेव्हा पेट्रोलवर चालवू. वास नाही तर त्रास नाही. ते माझ्यावर सोड. चाळीस वर्षं लूम दुरुस्त केले, शाळा चौथीची, पण मोटार जळायच्या आधी पाव तास मला वास लागतो. शेठ म्हणायचे, सुकदेवभाईचं नाक म्हणजे कारखान्याचा फ्यूज.

लवकर या. वहिनीने आत्तापासून नागलीचे पापड वेगळे काढून ठेवलेत. घरातल्या सगळ्यांना आमची आठवण सांगणे.

तुझा,
सुकदेव


शहादा
ता. १७ मार्च १९९६

ति. दादांना नमस्कार वि. वि.

तुम्ही सांगितला तोच आणला. अंगणात पूजा करून सुरू केला. पहिल्या दिवशी कॉक फिरवायला विसरलो आणि रॉकेलवरच बंद केला. दुसऱ्या दिवशी खांदा खरंच निखळायला आला. शेजारी वत्सलाकाकू म्हणाल्या, एवढ्या झटक्यांत विहीर उपसून झाली असती.

पंखा फिरला तशी शांताने डोळे मिटून वारा घेतला. किती दिवसांनी चेहरा सैल पडला, काय सांगू.

अठ्ठावीसला निघतो. नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली. रस्ता पायाखालचा आहे. एकोणतीसला तुमच्या दारात. तारीख पाठ करून ठेवा आणि वहिनींना म्हणावं, जेवायला डाळगंडोरीचं मनावर घ्या.

बळीराम


नवागाम, सुरत
ता. ४ एप्रिल १९९६

चि. सौ. शांता हीस,

जेठाने धाकट्या भावजयीला पत्र लिहायची आपल्यात रीत नाही. एवढ्या वर्षांत तू माझ्यासमोर पदर खाली येऊ दिला नाहीस, की मोठ्याने शब्द काढला नाहीस. पण हे पत्र बळीरामच्या नावाने लिहिलं तर ते खोटं होईल. त्याला तुझ्याजवळ बसून मोठ्याने वाचायला सांग.

उषा आता बरी आहे. दवाखान्यातून दुसऱ्या दिवशी सोडलं. चार दिवस डोकं दुखत होतं, आज सकाळी तिने स्वतः भाकरी थापल्या आणि पहिली मला न देता गाईला दिली. म्हणजे पूर्ण बरी.

डुमसला झालं ते सगळं माझ्या हातून झालं. बळीराम तुला म्हणत असेल की वाऱ्याने झालं, तर ते ऐकू नकोस. त्याने जनरेटर वीस पावलं लांब, सरूच्या झाडाखाली ठेवला होता. तू समुद्राकडे तोंड करून पडली होतीस आणि सगळे टोमॅटोची भजी खात होते. मग वारा सुटला, वाळू उडायला लागली. मी म्हटलं, मशीनमध्ये वाळू जाईल. उचलून गाडीच्या मागच्या दाराशी आणलं, वरून ताडपत्री सोडली, तुम्ही निजणार म्हणून पेट्रोलवर घेतलं, आणि गाडीच्या खिडक्या लावून घेतल्या. लूमच्या कारखान्यात वारा लागला की धागा तुटतो, म्हणून खिडक्या कायम बंद. चाळीस वर्षं तेच केलं, हात आपोआप गेला. तुझी खिडकी तेवढी लावता आली नाही. तू पडदा मुठीत धरलास आणि सोडेनास. मी मनात म्हटलं, हट्टी आहे. चार बोटं फट राहिली.

उषा म्हणाली, डोकं जड झालं. मी म्हटलं, उन्हाने आणि भज्यांनी. नाक ओढून पाहिलं, वास नव्हता. मग मलाही ग्लानी आली.

तू घंटी वाजवलीस ती मी ऐकली. एक. मला वाटलं, पाणी हवं असेल, बळीराम उठेल. पुन्हा एक. मग एकामागून एक, थांबून थांबून, एक, एक, एक. उठायला गेलो तर पाय माझे नव्हते. बळीराम बाकड्यावर मेल्यासारखा निजला होता. पण एक घंटी कानावर पडली आणि त्याचा उजवा पाय ब्रेक दाबल्यासारखा खाडकन पुढे गेला. एकतीस वर्षांची नोकरी त्या पायात होती. पाय आपटला म्हणून तो बाकड्यावरून दारावर पडला आणि दार उघडलं. बाकी तुला माहीत आहे. त्याने मशीन बंद केलं आणि आम्हा दोघांना वाळूत ओढलं. तोवर तू वाजवतच होतीस.

डॉक्टरांनी सांगितलं, हा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोल असो, रॉकेल असो, दोन्हींतून निघतो. रॉकेलचा वास निदान उठवतो तरी. मी वास काढून टाकला आणि विष ठेवलं. ज्या नाकाची चाळीस वर्षं फुशारकी मारली त्याने त्या दिवशी चकार शब्दाने कळवलं नाही.

आम्ही सगळ्यांनी तुला आजारी म्हणून नेलं होतं. तू निजली नव्हतीस, त्या फटीतून समुद्र बघत होतीस. त्या बघण्याने आपण चौघं आहोत. तुझे उपकार मी शब्दात फेडू शकत नाही आणि फेडायची घाईही नाही. जन्मभर ते डोक्यावर असू देत, छत्रीसारखे.

तू माझ्याशी आयुष्यात पहिल्यांदा बोललीस ते घंटीने बोललीस. ते मी उशिरा ऐकलं, एवढं पोटात घाल.

तुझा ऋणी जेठ,
सुकदेव


शहादा
ता. १२ एप्रिल १९९६

ति. दादांना नमस्कार.

तुमचं पत्र शांताला दोनदा वाचून दाखवलं. हाव म्हणाली. दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी होतं.

तुम्ही मला जो दोष मागता तो माझ्याकडे नाही. मी तिथंच होतो, मलाही दिसत होतं, मीही गप्प निजलो. पण दादा, माझी हिंमत गेली. जनरेटर पोत्यात बांधून ठेवला आहे. गाडीला तळोद्याचं एक गिऱ्हाईक येऊन गेलं, पंधरा दिवसांत नेतो म्हणालं. तिला घरातल्या खाटेवर परत आणलं आणि घंटीही खाटेवर बांधली, पण ती दोरीला हात लावत नाही. पाणी दिलं तर पिते. तोंड भिंतीकडे. मी तिला जगवतो आहे की पुन्हा कोंडतो आहे, हेच कळेनासं झालं आहे.

चुकलं तर सांभाळून घ्या.

बळीराम


नवागाम, सुरत
ता. १८ एप्रिल १९९६

चि. बळीराम यास आशीर्वाद.

गल्लीतला रामदास गावी लग्नाला निघाला आहे. त्याच्याबरोबर साठ फूट जाड केबल पाठवतो. तार ताणून जेमतेम पुरत होती म्हणूनही मी मशीन जवळ ओढलं होतं. आता ते निमित्त कुणाला उरायला नको. ट्रकवाले लावतात तसला बारा व्होल्टचा पंखाही आहे.

दुधाने तोंड पोळलं आहे, आता ताक फुंकून पिऊ. पण पिऊ. जनरेटर गाडीपासून वीस पावलांवर, वारा गाडीकडून त्याच्याकडे जाईल अशा बाजूला, धुराचं तोंड पलीकडे. त्यावर काही झाकायचं नाही. पाऊस, वाळू आली तर बंद करायचा, मशीनपेक्षा माणूस महाग. तो चालू असताना सगळ्या खिडक्या उघड्या आणि एक माणूस जागा, बाहेर बसलेला. निजायच्या वेळी तो चालवायचाच नाही. जागे असताना त्यावर एक जादा बॅटरी चार्ज करून ठेवायची आणि निजताना बॅटरीवरचा हा लहान पंखा लावायचा. कुणाचं डोकं जड झालं की आधी बाहेर, मग कारणं. आणि नाकावर भिस्त नाही, माझ्या तर मुळीच नाही.

हे मी इथल्या एका मिस्त्रीला आणि डॉक्टरांना, दोघांना विचारून लिहितो आहे. म्हातारपणी विचारायला शिकलो.

राहिलं गाडी विकायचं. बळीराम, तू ड्रायव्हर आहेस. गाडी कुठं थांबायची आणि कधी सुटायची, हे ड्रायव्हर ठरवतो का? ज्याच्या हातात दोरी, त्याचा हुकूम. तू तिला विचारलंस का? खाटेवर नको विचारू. गाडीत नेऊन विचार. एक वाजली तर मी शब्द काढणार नाही.

लोभ आहेच, तो तारेसारखा लांब असू दे.

सुकदेव


शहादा
ता. २९ एप्रिल १९९६

ति. दादा व वहिनींना साष्टांग नमस्कार वि. वि.

केबल आणि पंखा मिळाला. वहिनींनी बरोबर दिलेल्या पापडांचा चुरा झाला होता, तो शांताने दुधात घालून खाल्ला.

तळोद्याचं गिऱ्हाईक परवा पैसे घेऊन आलं. तुमचं पत्र त्याच दिवशी सकाळी पोचलं होतं. शांताला उचलून गाडीतल्या पलंगावर ठेवलं, घंटी परत जागेवर बांधली, म्हटलं, माणसाला गाडी बघू देऊ आणि तुलाही बघू देऊ. त्याने स्टिअरिंगला हात लावला मात्र, मागून एक घंटी. त्याने वळून पाहिलं. पुन्हा एक. गडी बिचकला, मला म्हणाला, काका, यांना काय पाहिजे. मी म्हटलं, तुम्ही उतरायला पाहिजे.

तो गेल्यावर तिला विचारलं. सगळं विचारलं. जनरेटर पुन्हा लावू का, दादांनी सांगितलं तसं लांब ठेवून. भीती वाटते का. मला वाटते, तुला वाटते का. समुद्र पुरता पाहायचा राहिला आहे का. या सगळ्याला हाव आली, त्यात काही अर्थ नव्हता, तुम्हाला माहीत आहे. मग मी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो आणि स्टिअरिंगवर हात ठेवून पुढं बघत राहिलो. चिंचेवर कावळे ओरडत होते. मग दोन वाजल्या. मला खात्री वाटेना म्हणून मी तसाच बसलो, तर पुन्हा दोन, जरा जोरात. उशीर करणाऱ्या ड्रायव्हरला कंडक्टर वाजवतो तशा.

काल तिला तापीकाठच्या प्रकाशा गावी नेलं. संगमावर गाडी लावली, जनरेटर वीस पावलं मोजून ठेवला, केबल पुरून उरली. मी बाहेर दगडावर राखण बसलो. दुपारी तिला झोप आली तसा जनरेटर बंद केला आणि तुमचा लहान पंखा लावला. चांगला फिरतो, आवाज नाही. मी सांगितलं, ही तापी इथून दादांच्या सुरतेला जाते आणि डुमसपाशी समुद्राला मिळते. तिने पाण्याकडे पाहिलं आणि हाव म्हणाली. ही हाव खरी होती. एकतीस वर्षं तिने विचारलं आणि मी थापा मारल्या, तरी मला कळतं.

दादा, तुम्ही ऋण म्हणता. मी काय म्हणू? तुमची ती चूक झाली नसती तर बरं होतं, हे खरंच आहे. पण त्या दिवसापासून या घरात कुणी तिला बिचारी म्हणत नाही. वत्सलाकाकूसुद्धा जाता-येता विचारतात, कंडक्टरीणबाई, आज कुठली फेरी.

हे पत्र गाडीतच लिहितो आहे. वाटेत पोस्टाच्या पेटीत टाकीन. डुमसला निघालोच आहोत, पण मुक्काम करत सावकाश येऊ, म्हणजे ते आमच्या दोन दिवस आधी तुम्हाला मिळेल. या खेपेला भजी चौघांनी खायची आणि निजायचं फक्त तिघांनी. राखण तुमची, बाहेर, नाक मिटून बसलात तरी चालेल.

अजून बरंच लिहायचं होतं, पण मागून दोन वाजल्या.

बळीराम