पेजेची वाट

६ जानेवारी
मंगळूरजवळच्या तेंकुकोडीस आज केंद्रप्रमुख म्हणून रुजू झालो. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या आवारातच मला निवासस्थान मिळाले आहे. ते स्वच्छ व हवेशीर असून खिडकीतून समुद्र दिसतो. यंत्रचालक उमानाथ सालियन याने शहाळे देऊन स्वागत केले. फाटकापाशी जमलेले मासेमार मात्र हसत होते. 'काय भट्रे, शिकलात हिशेब आणि झालात आमच्या घाणीचे धनी!' असे एकाने मोठ्याने ऐकवले; इकडे ब्राह्मणाला भट्रे म्हणतात. मी हसून नमस्कार केला. नोकरीची अखेरची वर्षे अशा हवेत जाणार, याचे समाधान आहे.

९ जानेवारी
गावाचे सांडपाणी जाळीतून हौदात येते, गाळ खाली बसतो आणि निवळ पाणी नळाने समुद्रात जाते. सारी घरे जोडलेली आहेत. केवळ जलजक्का कुंदर या विधवेची मोरी थेट समुद्राला मिळते. ती तशीच राहू द्यावी, असे उमानाथचे म्हणणे. समुद्रात गेलेल्या आणि प्रेतही न मिळालेल्या माणसांसाठी गावातल्या बायका दुपारी त्या मोरीत पेज ओततात. ती मिळते तोवर ती माणसे आपल्या जागी राहतात म्हणे. 'जेवण जिथं जाईल तिथं ते जाणार, सर,' असे तो मान खाली घालून म्हणाला. नियमांत अशा अपवादाची तरतूद नाही आणि तपासणी जवळ आली आहे.

१४ जानेवारी
मोरीचे समुद्राकडील तोंड काँक्रीटने बुजवून ती केंद्राच्या वाहिनीला जोडून घेतली. जलजक्काने पेजेचे रिकामे भांडे माझ्या पायांशी आपटले. 'समुद्रात माझा नवरा आहे, दोन पोरं आहेत. आता तूच वाढ त्यांना!' एवढेच बोलून ती आत गेली. बायका अजूनही त्याच मोरीत पेज ओतत आहेत. हौदावर पांढरी साय धरली आहे.

१९ जानेवारी
भर दुपारी, ओहोटी असताना, समुद्राकडील नळातून पाणी उलटे आत आले. पंप व्यवस्थित चालू होते. उमानाथ मोरी उघडण्यासाठी विनवीत राहिला. तपासणी होईपर्यंत ते शक्य नाही, असे मी त्याला स्पष्ट सांगितले.

२२ जानेवारी
नळाची झडप पाहण्यास उमानाथ सकाळी खाली उतरला. परतला नाही. हौद उपसून पाहिला. त्यात कोणी नाही. काठावर ओली पावले आहेत, अनेकांची. सगळी आत येणारी. शोधासाठी होड्या मागितल्या, तेव्हा नाखवा म्हणाला की समुद्रात आता कोण राहिलंय, भट्रे?

२३ जानेवारी
स्वतः पहार घेऊन मोरीचे तोंड फोडले. पेज ओतली. जलजक्का दारात पान चघळत बसली होती. आता कशाला, म्हणाली. त्यांना नवं घर सापडलं.

२५ जानेवारी
दुपारी ते हौदाच्या काठावर बसलेले असतात. तोंडे माझ्या घराकडे. ओंजळी पुढे. मी पेज शिजवून वाढली. प्याले. गेले— नळातून.
वाण्याने तांदूळ नाकारला. मंगळूरची बस मला पाहूनही थांबली नाही.

२६ जानेवारी
बायकांनी पेज ओतणे बंद केले आहे. कारण विचारले. जलजक्का फाटकाबाहेरूनच म्हणाली, एकदा पोट भरू दे त्यांचं, मग जातील परत आपल्या जागी. कशाने भरायचे ते मी— नाही विचारले. फाटकाला बाहेरून साखळी आहे.

२७ जानेवारी
तांदूळ नाही. दार आतून लावले होते— ते आत आहेत. ओंजळी.
सर्वांत पुढे उमानाथ. नावाने हाक मारली. रिकामे पातेले दाखवले. त्याला कळले असे वाट—
मोरी उघडली रे, मी स्वतः—
उजव्या हाताने लिहितो आहे. डावे मनगट त्याने, भांडे उचलावे तसे, हळूच, तोंडाला ला—