जुना ड्रायव्हर काढून टाकण्याविषयी

प्रिय ताई,

साष्टांग दंडवत. पत्र पाहून तुझ्या भिवया उंचावतील, कारण या भावाने तुला शेवटचे पत्र लिहिले तेव्हा त्याला मिसरूडही फुटली नव्हती. परंतु गेल्या नऊ दिवसांत मी तुला एकोणीस वेळा फोन केला. अठरा वेळा तू तो उचलला नाहीस. एकोणिसाव्या वेळी उचललास, “बाबांना काढून टाकायची भाषा तुझ्या तोंडात आली तरी कशी?” एवढे विचारलेस आणि ठेवून दिलास. माझा उभा जन्म भाषेत गेला, तरी या वाक्याचा अन्वय मला लागेना. कोणी, कोणाला, कोठून काढले? मला ज्ञात असलेला इतिहास एवढाच की, नऊ दिवसांपूर्वी सकाळी सात वाजता बाबा आपली चामडी बॅग घेऊन दारात उभे राहिले आणि ताईकडे चार दिवस जाऊन येतो म्हणाले. माझ्या मुखात दंतमार्जनाचा ब्रश असल्यामुळे मी “हं” एवढेच उत्तर दिले. चार दिवसांचे नऊ झाले. तुझ्या घरी फोन वाजला की बाबा म्हणे गॅलरीत निघून जातात. ते परत यावेत एवढीच माझी इच्छा आहे. पण ते का गेले हेच ज्याला उमगत नाही, त्याने बोलवायचे तरी कोणत्या तोंडाने?

म्हणून सर्व वृत्तान्त ज्या क्रमाने माझ्या मठ्ठ मस्तकात शिरला, त्याच क्रमाने कथन करतो. मध्येच पत्र फाडू नकोस.

प्रथम मी कारणमीमांसा केली. टीव्हीचा आवाज कमी करा असे मी म्हणालो होतो काय? म्हणालो होतो, परंतु ते गेल्या हिवाळ्यात. त्यांची खुर्ची पूर्वेच्या खिडकीतून हलवली, हे कारण असेल काय? ती त्यांनी स्वतःच हलवली होती. शेवटी सौ.ला शरण गेलो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तशीच घालत राहिली आणि म्हणाली, तुम्ही त्यांच्याशी शेवटचं नीट कधी बोललात ते आठवा, म्हणजे झालं. मी स्मरणशक्तीस आवाहन केले. तिने कोणतीही तारीख सादर केली नाही.

खरे सांगायचे तर बाबा जाण्यापूर्वी महिनाभर मी मनुष्यांशी बोलतच नव्हतो; मी लॅपटॉपशी भांडत होतो. यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकांचे मराठी भाषांतर हा तुझ्या भावाचा व्यवसाय, आणि सध्या हाती पाणी उपसण्याच्या पंपाची दोनशे पृष्ठांची पुस्तिका. पंप ऐन रंगात आला की लॅपटॉपचा पडदा अकस्मात निळा होई. वर एक अपूर्णविराम आणि एक कंस यांच्या संयोगातून निर्माण झालेला खिन्न चेहरा, त्याखाली यंत्राने व्यक्त केलेली दिलगिरी, आणि तळाशी इंग्रजीत एक गूढ सूत्र. मी त्याचे तत्काळ वहीत भाषांतर केले: “चालक: न न्यून, न सम.” उपनिषदात खपून जावे असे वाक्य. अर्थबोध मात्र उपनिषदाहूनही कमी. मी यंत्र बंद करून चालू केले, माऊस काढला, विषाणूंचा शोध घेतला, स्मृतीची परीक्षा घेतली. तीत ते माझ्याहून अधिक गुणांनी उत्तीर्ण झाले. अखेरीस सौ.च्या केस वाळवण्याच्या यंत्राने त्याच्या छिद्रांत वारा घातला. ताशी एक या नियमाने निळाई पुन्हा प्रकट होतच राहिली. बंद का पडते कळेना, आणि मधूनच तीन-तीन तास सुरळीत का चालते, हे तर त्याहून कळेना.

बाबा त्या काळात माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसत. चौतीस वर्षे बस चालवलेल्या मनुष्यास बंद पडलेले वाहन पाहवत नाही, मग त्याला चाके असोत वा नसोत. आई त्यांना ‘आमचे ड्रायव्हर’ म्हणे, तुला आठवत असेलच. ती गेल्यावर त्या नावाने हाक मारणारी आता एकटी सौ. उरली आहे. “ड्रायव्हरसाहेब, चहा ठेवू ना?” असे तिने विचारले की ते न चुकता, गाडी वेळेवर सुटली पाहिजे, असे उत्तर देतात. तर एके दिवशी निळा पडदा पाहून त्यांनी विचारले की हिच्यात मध्यंतरी नवीन काही बसवलंस का? तेव्हापासूनच बंद पडायला लागली का? मग नव्याचं जुन्याशी जमत नसेल, आधी ते बघ. त्या वेळी माझी सहा पृष्ठे नुकतीच त्या निळाईत बुडाली होती. मी म्हणालो, “बाबा, ही बस नव्हे. तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्ही आत जाऊन बसा.”

ते उठले, खुर्ची जागेवर ठेवली, आत गेले आणि दोन खोल्यांमधला पडदा ओढून घेतला. मी बुडालेली पृष्ठे पुन्हा लिहू लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला. तेथील बाई अत्यंत सुज्ञ निघाल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, तो शब्दशः बाबांचा. यात मध्यंतरी नवीन काही आलंय का? आले होते, पाच आठवड्यांपूर्वी संपूर्ण सिस्टीम नवी झाली होती. हा योगायोग मी घरात कोणास सांगितला नाही. मग मी त्यांना माझे सूत्र वाचून दाखवले: चालक, न न्यून, न सम. त्यांनी विचारले, आपण नक्की लॅपटॉपसाठीच फोन केलाय ना? मूळ इंग्रजी अक्षरे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “साहेब, सरळ मराठीत बोला की. ड्रायव्हर म्हणा.” ताई, यंत्राला त्याचा एखादा भाग चालवायला शिकवणारी जी आज्ञावली असते, तिला त्यांच्या धंद्यात ड्रायव्हर म्हणतात. मी आयुष्यात प्रथमच शरण गेलो आणि त्यांच्या मराठीत बोलू लागलो.

माझी खोड तुला ठाऊक आहे. कोणी सांगितलेले उतरवून घेताना मी प्रत्येक वाक्य खणखणीत आवाजात परत उच्चारतो, म्हणजे ऐकण्यात चूक राहत नाही. त्या दिवशीही तेच केले. तासाभराने लॅपटॉप बरा झाला. तो आजतागायत एकदाही निळा पडलेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. दारातून निघताना ते सौ.ला म्हणाले की आता तुमची गाडी बंद नाही पडायची. तिला वाटले, लॅपटॉपविषयीच म्हणत आहेत.

काल सौ.ने किराणा मालाची यादी करण्यासाठी माझी वही ओढली. पान उलटता उलटता थांबली आणि सपाट आवाजात वाचू लागली. “जुना ड्रायव्हर हेच सगळ्या त्रासाचं मूळ. सिस्टीम नवी झाली, हा जुनाच राहिला. काढून टाकणे. काढला तरी दुसऱ्या दिवशी आपोआप परत येऊन बसतो, म्हणून येण्याची वाटच बंद करणे.” वही खाली ठेवून तिने एवढेच विचारले की हे तुम्ही मोठ्याने म्हणालात?

म्हणालो होतो. आणि वहीत नसलेले एक वाक्यही मला आठवले. मी त्या बाईंना अजिजीने विचारले होते की, कायमचा काढायचा काही उपाय नाही का हो, रोजचा वैताग झालाय.

प्रथम मला हसू आले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. सौ. हसली नाही. मग मी प्रयोग केला. बाबांच्या खुर्चीत पडद्याआड जाऊन बसलो आणि सौ.ला माझ्या टेबलापाशी तेच पान वाचायला लावले. एकेक मात्रा ऐकू आली. ड्रायव्हर या शब्दावर ती अडखळली, तेही ऐकू आले. दोन वाक्यांनंतर तिने वाचणे थांबवले आणि मी तसाच बसून राहिलो, कारण उठून नक्की कोठे जावे हे मला समजेना.

आता तू म्हणशील, गैरसमज होता, दूर झाला, हे सगळे फोनवरच्या एका संदेशात मावले असते. मलाही काल रात्रीपर्यंत तसेच वाटत होते. तुला पाठवण्यासाठी मी एक आटोपशीर खुलासाही रचला. शब्दाचे दोन अर्थ, ऐकणाऱ्याने घेतलेला तिसराच. निर्दोष खुलासा होता. परंतु पाठवताना बोट अडले. बाबांनी पडद्याआडून ते सारे ऐकले आणि त्यांना एकदाही वाटले नाही की माझा मुलगा असे म्हणणार नाही. उठून पडदा सारून त्यांनी विचारलेही नाही, कोणाला काढतोस रे? आदल्या दिवशी मी त्यांना आत बसवले होते, त्याचाच हा पुढचा भाग आहे असे त्यांना वाटले. शब्द फसवा होता हे मी सिद्ध करू शकतो. तो त्यांना इतक्या सहज पटला कसा, याचा खुलासा मला कोणत्याही भाषेत रचता येत नाही. म्हणून हे पत्र, ताई. ते बाबांना वाचून दाखव. की नको दाखवूस? मला खरोखरच कळत नाही. चुकीचे ऐकले म्हणून ते स्वतःवरच हसतील, मला माफ करून टाकतील, आणि तो शब्द त्यांना पटला कसा, हे विचारायचे राहूनच जाईल, अशी भीती वाटते. तू ठरव. मी शनिवारी सकाळच्या बसने येतो आहे. त्यांना एवढंच सांग, तो येतोय. काही समजावून सांगायला नाही येत. तुमच्याजवळ बसायला येतोय, आणि तुम्ही म्हणालात तरच तुम्हाला घरी न्यायला.

तुझाच,
दीडशहाणा