पोर्टची परवानगी

१२ नोव्हेंबर २००२
वारंगा फाट्याच्या जिनिंगमध्ये आज रुजू झालो. मालक उत्तमरावांनी आल्या आल्या चहा पाजला, काचेची केबिन दिली, वर नवाकोरा कॉम्प्युटर! कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनची मोटर आता माझ्या प्रोग्रामने चालू-बंद व्हायची, प्रिंटरच्या पोर्टला जोडलेल्या केबलवरून. लिनक्समध्ये प्रोग्राम आपल्या मनाने पोर्टला हात लावू शकत नाही, आधी सिस्टीमकडे परवानगी मागावी लागते. मी तेवढं एकच पोर्ट उघडून दिलं. एकदम खूश आहे.

१५ नोव्हेंबर
इथली एक रीत आहे. बटणापासून मशीनचे रोलर दिसत नाहीत, म्हणून मोटर चालू करण्याआधी फिटर सोनाजी ओरडतात, "हात भाईर?" रोलरपाशी कापूस लावणाऱ्या बायका एकेक करून "व्हय" म्हणतात. शेवटच्या मिराबाईंचं उत्तर आल्याशिवाय ते बटण दाबत नाहीत. यात वेळ जातो म्हणून उत्तमरावांनी आता हे बंद केलं. कॉम्प्युटर आहे ना! मीही मान डोलावली.

१८ नोव्हेंबर
मोटर आपोआप सुरू झाली. मिराबाई अडकलेला कापूस काढत होत्या. बांगड्या फुटल्या, हात थोडक्यात वाचला. "साहेब, इचारल्याबिगर काहून चालू करून राहिले?" सोनाजींनी मलाच झापलं. दिवसभर कोड उलटापालटा केला, चूक सापडेना. डोकं फिरलंय.

१९ नोव्हेंबर
परवानगी मागणारी ओळच काढून टाकली. प्रोग्रामने पोर्टला हात लावताच सिस्टीमने त्याला तिथल्या तिथे बंद पाडलं. बरोबर. तरी मोटर फिरली. फिरलीच! उत्तमराव म्हणाले, एवढं शिकून काय दिवे लावले. भीती वाटतेय, आणि सांगू कुणाला?

२० नोव्हेंबर
केबल उपटली. कॉम्प्युटर बंद. मोटर पुन्हा सोनाजींच्या बटणावर, विचारायची रीतही पुन्हा सुरू. सुटलो म्हणावं तर उत्तमरावांनी केबिनला बाहेरून कडी घातली— दुरुस्त होईस्तोवर बाहेर यायचं नाही म्हणे. वैताग नुसता.

काचेतून मिराबाई दिसतात. रोलरमध्ये हात घालून कापूस ओढतायत—

सोनाजींनी विचारलं. बायकांची उत्तरं आली, एकेक.

मिराबाई गप्प. हात आतच.

तेवढ्यात "व्हय"— माझ्या मागून— बंद कॉम्प्युटरमधून— हुबेहूब मिराबाईंचा आवाज—

सोनाजींनी ऐकला. मान डोलावली. मी काच बडवली— ते बटणाकडे