पन्नासचा काटा

प्रिय केसर,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. मी जेवतो, ड्यूटीवर जातो, झोपही लागते. शेषरावांच्या तेराव्याला तुझ्याजवळ बसलो, जेवून परत आलो. तू लिहिलंस, ‘दादा, मीच त्याइले मोटर पाहाले पाठवलं, वांगे सुकून राह्यले होते.’ ते वाचूनही मला रडू आलं नाही.

शेषरावांची चूक नव्हती. वीज आहे की नाही ते दाखवायला विहिरीवर दिवा नाही. मोटर थांबली ती बिघडून की लाइट गेली म्हणून, त्यांना कसं कळावं? स्विच बंद करायचा राहिला आणि त्यांनी मोटर उघडली.

त्या मंगळवारी दुपारी आमच्या वीजकेंद्रात बॉयलरची नळी फुटली. दोनपैकी एक संच बंद पडला, सगळा भार दुसऱ्यावर आला. आमच्यासमोर एक काटा असतो, तो पन्नासवर राहायला हवा. भार झेपेनासा झाला की यंत्र मंदावतं, काटा उतरतो. कोळशावरची वाफ काही एकदम वाढत नाही. काटा साडेसत्तेचाळीसवर आला. अजून उतरला असता तर दुसराही संच गेला असता आणि सगळ्या मुलखाची वीज गेली असती. साहेब ओरडले, “निवृत्ती, एक लाइन काढ! कोणतीही काढ!”

समोर चार लाइनी होत्या. एकीवर दवाखाना, एकीवर शहराचं पाणी, एकीवर रेल्वे. चौथी संग्रामपूर-सोनाळ्याची, तुमची. मी तीच काढली, तिकडची वीज तोडली. म्हटलं, आपलीच माणसं आहेत, घटकाभर चिडतील. काटा चढला, पन्नासवर ठरला. साहेबांनी पाठ थोपटली. अर्ध्या तासानं मी लाइन परत लावली आणि डबा पोटभर खाल्ला. शेषराव गेल्याची तार संध्याकाळी आली.

एकच्या सुमारास त्यांची हाक ऐकू आली, असं तू लिहिलंस. आमच्या वहीत बारा पंचावन्नला लाइन चालू केल्याची नोंद आहे. अक्षर माझं आहे. तुझ्या सासूबाई, झुंबरबाई, तुला पांढऱ्या पायाची म्हणतात, हे मला कळलं. हे पत्र त्यांना वाचून दाखव. शनिवारी मी सोनाळ्याला येतो, त्यांच्यासमोर बसून तोंडानंही सांगतो. तू नवऱ्याला फक्त विहिरीवर पाठवलं होतंस, केसर. वीज मी पाठवली.

तुझाच,
निवृत्तीदादा