सातव्या ट्रेमधला भुंगेरा

आई, तुझ्याबद्दल कुणी विचारलं की मी अजून सांगते, फार संशयी बाई होती. डेअरीतून आणलेलं दूध तू आधी हुंगायचीस, मग त्यावरची तारीख बघायचीस, आणि तारखेवरही तुझा विश्वास नसायचा. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. या नव्या देशात, पापाटोएटोच्या घरात आपण दोघीच. पुण्यात वीस वर्षं फार्मासिस्ट म्हणून काढलेली तू इथल्या परीक्षेची वाट बघत घरी बसली होतीस, आणि मला जंगलातले किडे नोंदवायची तात्पुरती नोकरी लागली होती. हॅमिल्टनच्या पलीकडे रिमू आणि टावाच्या जुन्या झाडांचा एक तुकडा उरला होता. तो तोडायचा की ठेवायचा, हे तिथे काय काय जगतंय त्या यादीवरून ठरणार होतं. यादी करवून घेत होती लाकूड कंपनीच. "म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," तू म्हणालीस. मी वैतागले होते. तुला कुणाचंच बरं दिसत नाही, असं मला वाटायचं.

जमिनीत काठापर्यंत पुरलेले प्लास्टिकचे पेले, वर पावसासाठी झाकण. चालते किडे त्यात पडायचे. ते बाटल्यांत भरून मी घरी आणायची, कारण ऑफिसात जागा नव्हती. अजून दिसतं, तू ओट्यापाशी स्टुलावर बसली आहेस, पांढऱ्या ट्रेमध्ये गोळ्या मोजायच्या चपट्या सुरीने कोळी एकीकडे सारते आहेस, मुंग्या दुसरीकडे. मी शेजारी आमटीचं पातेलं ठेवते तर खेकसतेस, "उचल ते. कामात काम मिसळायचं नाही." नियमही तुझाच होता. एकीने पाहिलेला ट्रे दुसरीने पाहायचाच. दुसऱ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक गोळी काउंटरवरून जाऊ दिली नाही, हे तू दर आठवड्याला ऐकवायचीस.

एका शनिवारी तू हट्टाने माझ्याबरोबर जंगलात आलीस. काही झाडांवर लाल रंगाचे पट्टे आधीच मारलेले होते. "परीक्षेआधीच निकाल?" तू विचारलंस. तेवढ्यात कंपनीचा माणूस आला, जँडल्स घालून, हसत, इथल्या पद्धतीने नमस्कार करत. "किया ओरा, लेडीज! हीप्स ऑफ बग्ज, एह?" मी हसले. तू नाही.

गाडीत बसल्यावर तू म्हणालीस, "इतका गोड कशाला बोलतो तो? आणि जंगलात चपला घालून कोण येतं?"

"जँडल्स म्हणतात त्याला, आई."

"काही का म्हणेनात."



त्यानंतर चारच दिवसांनी तो सातवा ट्रे. मी तो पाहून बाजूला ठेवला होता, त्यात नोंदवण्यासारखं काही नव्हतं. तू हाक मारलीस. सुरीच्या टोकावर नखाएवढा तपकिरी भुंगेरा. कधीच न तोडलेल्या जंगलातच सापडणारी ती जात होती. यादीत तो आला असता तर तोड थांबली असती. "पंख नाहीत गं याला," तू म्हणालीस. "झाडं गेली तर जाणार कुठे?" माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. ताडून बघायला म्हणून याच जातीचे पाच भुंगेरे कपाटातल्या एका बाटलीत होते, दुसऱ्या, राखीव जंगलातले.

"आई, हा ट्रे मी नीट पाहिला होता."

"पाहिला असशील. दिसला नसेल."

"खरं सांग, तू..."

तू सुरी खाली ठेवलीस. "पुरं कर ना वाक्य."

मी पुरं केलं नाही. तू बराच वेळ नळाखाली हात धूत राहिलीस. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तुझाच राग आला.

शुक्रवारी मी यादी ऑफिसातल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. भलतंसलतं काही त्यात नको, असं त्यांनी आधीच हसत हसत सुचवलं होतं. त्यांनी ती वाचली, "स्वीट अॅज", म्हणजे झकास, म्हणाले, आणि महिन्याभरात मी कायम झाले. त्या संध्याकाळी तू विचारलंस, "लिहिलास ना?" मी म्हटलं, "हो." हिवाळ्यात झाडं पडली. पेपरात फोटो आला, तो तू पाहिलास आणि घडी करून ठेवलास. मग तू परीक्षा पास झालीस, पुन्हा औषधाच्या काउंटरवर उभी राहिलीस, आणि माझ्या एकाही ट्रेला परत हात लावला नाहीस.

हे पत्र टाकायला आता पत्ता नाही, आणि तू असतीस तरी मी टाकलं नसतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की भुंगेरा तूच त्या ट्रेमध्ये ठेवलास आणि मी प्रामाणिकपणे तो गाळला. एकदोघांना तसं बोलूनही दाखवलं आहे. पण ती पाच भुंगेऱ्यांची बाटली हाताच्या अंतरावर होती, मोजायला मिनिटही लागलं नसतं. मी मोजले नाहीत. पाचही निघाले असते तर तुझा भुंगेरा लिहावा लागला असता, आणि मला ती नोकरी हवी होती.