ओटीतली भिंत

प्रिय उन्नती,

परवा आपल्याकडे आली कोण, तर गिरजाबाई! भिंतीपलीकडची माझी थोरली जाऊ. तुझ्या बारशानंतर आपल्या ओटीवर चढली नव्हती, ती सरळ आत येऊन म्हणते कशी, "विमल, चहा टाक, साखर कमी, मला शुगर हाय." मागून तिचा नातू निशांत आणि त्याची नवी बायको वैजयंती, हातात मोजायची टेप घेऊन. म्हटलं झालं, घर बिल्डरला द्यायला आले! आपल्या गावठाणात आता जिकडेतिकडे चार मजले उठलेत, कौलारू आपलंच उरलंय.

पण पोरगी गुणाची गं, इंजिनेर आहे. खांब ठोकून बघितले, माळ्यावर चढली, सुकटीचा डबा अंगावर पाडून घेतला तरी हसतेय! विचारते, आजी, हे बांधलं कुणी? मग काय, माझं तोंड सुरू. तुझ्या पणजोबांनी बांधलं, मिठागरात राबून. सागाचे खांब, छपराला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आढं, आणि दोन्ही मुलांना मिळून एक ओटी. ते गेल्यावर घर दोघा भावांच्या नावावर झालं. पुढे सरकारनं शेतजमीन घेतली, तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्यावरून दोघे असे भांडले की ओटीच्या मधोमध भिंत घातली. तेवढ्यानं भागलं नाही, कौलंही वाटायची म्हणून ती छपरातून वर काढली! बाप्यांची अक्कल!

वैजयंती म्हणाली, तिथूनच पाणी मुरतंय, आढं कुजायला लागलंय. भिंत उतरवली तर घर टिकेल, नाहीतर पाडावंच लागेल. तशी गिरजाबाई बोलली, "भांडनारे दोघं वर गेले, आपन कुनासाठी सांभाळतोय गं ही?" मला आधी हसू आलं, मग दोघींना रडू. चहा उतू गेला तो वेगळाच.

आता मुद्द्याचं. आपली बाजू आजोबांनी तुझ्या नावावर केलीय. तू पुण्याला जाऊन विसरलीस, मी नाही. माझ्या उन्नतीनं हो म्हटल्याशिवाय एक वीट हलणार नाही, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. फोनवर तू नुसतं 'हो आजी, हो आजी' करतेस, म्हणून हे लिहायला बसले. नीट वाच, मग काय ते सांग. नाही म्हणालीस तर रुसणार नाही. थोडीशीच रुसेन. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी ते गवंड्याला घेऊन परत येणार आहेत.

तुझीच लाडकी,
आजी